थार, जिप्सी, बोलेरोचा तळ घरीच करताना: आवाज, गंज आणि नवी मॅट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साताऱ्यात फोर-बाय-फोर बाळगणाऱ्याला एकाच जिल्ह्यात दोन हवामानं भेटतात. पश्चिमेला बामणोली, कोयना, महाबळेश्वरकडचा चिखल आणि पावसाळाभर न वाळणारी मॅट. पूर्वेला माण-खटावचा फुफाटा, जो दाराच्या रबरातून आत येऊन दाताखाली करकरतो. त्यामुळे इथे तळाचं काम म्हणजे आधी पाणी आणि गंज, आवाज त्याच्या मागून. बहुतेकांचे प्रश्न मात्र आवाजापासूनच सुरू होतात, म्हणून इथेही सुरुवात तिथूनच केली आहे. जुनी थार, जिप्सी, एमएम ५४०, मेजर, बोलेरो, गुरखा या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

डॅम्पिंग शीट (पत्र्याचं वाजणं दाबणारी चिकट शीट) मारली की गाडी शांत होते ना?

थोडी होते. किती होते ते आवाज कशाचा आहे यावर ठरतं. पातळ पत्रा इंजिनच्या आणि रस्त्याच्या हादऱ्याने स्वतःच वाजत असतो. सीट काढून उघड्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. ‘टण्ण’ असा लांबणारा आवाज आला तर तिथे शीटला काम आहे. ‘ठप्प’ आला तर तो भाग मुळातच दबलेला आहे, तिथे शीट वाया जाईल. ब्युटाइल रबरचा चिकट थर पत्र्याबरोबर हलायला जातो, वरचा ॲल्युमिनियमचा थर त्याला मोकळेपणी हलू देत नाही, आणि या ओढाताणीत हादऱ्याची ऊर्जा किंचित उष्णता होऊन विरते. म्हणजे वरची चंदेरी फॉइल शोभेची नाही. फॉइल नसलेली शीट बरंच कमी काम करते.

हवेतून येणारा आवाज ही वेगळी भानगड. मड टायरची घरघर, कापडी टपावरचा वारा, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकांतून आत येणारी डिझेलची खडखड, यांना अडवायला वजनदार आणि सलग पडदा लागतो. कापडी टप असेल तर तळाला कितीही थर द्या, हायवेवर ऐंशीच्या पुढे वाराच जिंकणार. हे आधीच मान्य केलं तर पैसे वाचतात.

मग आधी काय तपासायचं?

जो आवाज दुरुस्त करायला हवा, तो शीटखाली दाबू नका. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी गुरगुर बहुधा व्हील बेअरिंगची असते. सायलेन्सरच्या जोडातून फुसफुस येत असेल तर ती आवाजापुरती राहत नाही, धूर केबिनमध्ये येतो. बॉडी आणि चासीच्या मधले रबरी बुश चेपले असतील तर प्रत्येक धक्का पत्र्यात उतरतो. जुन्या गाड्यांत नुसते हे बुश आणि दारांची रबरं बदलून जो फरक पडतो तो पाहून कित्येकांनी पुढचा बेत निम्म्यावर आणला. क्लच-ब्रेकच्या पेडलजवळची आणि वायरिंगची मोकळी भोकं ग्रॉमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी किंवा बूच, घालून बंद करा. रुपयाभराचं भोक फार आवाज आत सोडतं, आणि फुफाटाही.

कुठली शीट घ्यावी? डांबरी शीट स्वस्त पडते.

ब्युटाइलचीच घ्या, फॉइलसकट, साधारण २ मिलिमीटर जाडीची. डांबरी शीटही पत्रा दाबते. कंपन्या स्वतः तळाला डांबरी पट्ट्या भाजून बसवतात आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. पण बाजारात मिळणारी चिकटपट्टीवाली डांबरी शीट वैशाखात उन्हात उभ्या गाडीत मऊ होते, वास मारते, उभ्या भागावरून घसरते आणि थंडीत तडकते.

गच्चीची गळती बंद करायला मिळणारी चंदेरी टेप हा तिचाच भाऊबंद. दिसायला अगदी सारखी, आणि दुकानदार ‘तेच आहे हो’ म्हणून देतो. तिच्यातली बरीचशी डांबराची असते. तुकडा मागून घ्या, वास घ्या, डांबर लगेच कळतं. शंका राहिलीच तर तो तुकडा पत्र्याला उभा चिकटवून दुपारभर उन्हात ठेवा. संध्याकाळी कडेला काळा ओघळ दिसला तर ती टेप गच्चीवरच शोभेल.

पूर्ण तळ झाकावा लागतो का?

नाही. सपाट, मोठा, टकटक केल्यावर वाजणारा भाग झाकला की काम झालं. पत्र्याचा पाव ते निम्मा भाग झाकला तरी त्याचं वाजणं बऱ्यापैकी मरतं. जिथे कंपनीने पत्र्याला नाळी, घड्या पाडल्या आहेत तो भाग आपसूकच ताठ असतो. पूर्ण झाकण्याचा हट्ट करणाऱ्यांनी वजनाचा हिशेब करावा. २ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते. तळ, चाकांवरचे फुगवटे, मागचा हौदा, फायरवॉल सगळं धरलं की गाडीत एक पोर कायमचं बसवल्यासारखं होतं, तेही भाडं न देणारं.

माझ्या गाडीचा तळ पावसाळ्यात ओला असतो. शीट मारल्यावर थांबेल का?

उलट होईल. पाणी शीटखाली शिरून बसेल आणि पत्रा तुमच्या नकळत खाईल. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

सीट आणि मॅट बाहेर काढा, तळ कोरडा पुसा, सगळीकडे वर्तमानपत्र अंथरा. एकाला आत टॉर्च देऊन बसवा आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावं, खालून वर, एकेका जागी काही मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि भोक सापडत नाही. ठरलेले चोर असे: काचेच्या रबराचे खालचे कोपरे, वायपरखालची पानं साचलेली खाच, दाराच्या रबराचा खालचा भाग, टपाच्या पायांचे बोल्ट, पेडलचे रबरी बूट, आणि तळाचे बूच, जे कुणीतरी कधीतरी काढून परत लावलेलेच नसतात.

पाऊस नसताना फक्त डाव्या बाजूच्या माणसाचे पाय ओले होत असतील तर छत शोधत बसू नका. एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल. पाणी बोटाला तुळतुळीत लागलं आणि वास गोडसर आला तर ते कूलंट आहे, हीटरचा कोर गळतोय. ते आधी दुरुस्त करा.

गळती बंद झाली असं वाटल्यावरही एक मोठा पाऊस जाऊ द्या, किंवा यवतेश्वर-कास रस्त्याला धुक्या-पावसात एक फेरी मारून या. वर्तमानपत्र कोरडं राहिलं तरच पुढे.

गंज दिसला. किती गंज ‘चालतो’?

वरवरचा लाल गंज घरी काढता येतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं आणि आत गेलं तर तो गंज नाही, भोक आहे.

वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरवरची तारेची वाटी लावून सुटे पापुद्रे काढा. खड्ड्यांत उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं, उरलेला गंज काळा पडून स्थिर होतो. पापुद्र्यांवर लावलं तर पापुद्रेच काळे होतात, खाली गंज चालूच. मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, वर रंग. प्रत्येक थराला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. प्रायमर ओला असताना शीट चिकटवली तर आतला थिनर अडकतो आणि चिकटपणा जातो. डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. जुन्या गाडीच्या तळाखालची धूळ बरी नसते.

भोक असेल तर पत्र्याचं काम करणाऱ्याकडे न्या. कुजलेला भाग कापून १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा, तुकडा सीओटू वेल्डिंगने लावून घ्या. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो आणि एका भोकाची चार होतात. तळाखालून डिझेलची आणि ब्रेकची नळी जाते, ती बाजूला केल्याशिवाय ठिणगी पाडू देऊ नका. आणि वेल्डिंग शीट मारायच्या आधी, नंतर नाही.

भोकावर डॅम्पिंग शीट चिकटवून ‘झालं’ म्हणणारे भेटतात. सीटचा किंवा बेल्टचा बोल्ट ज्या पत्र्यात आहे तिथे हा खेळ जिवावर येतो.

सीट काढताना काय सांभाळायचं?

बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. जोर केला की तळाला जोडलेला नट आतल्या आत फिरायला लागतो, मग तोंडचं पाणी पळतं. सुटत नसेल तर पुढे-मागे, पुढे-मागे करत काढा.

एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि काही मिनिटं थांबा. सीटखालची पिवळी कनेक्टरं एअरबॅगच्या यंत्रणेची असतात. ती सुटलेली असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनरशिवाय जात नाही. मधल्या कन्सोलखाली बहुधा एअरबॅग चालवणारा कंट्रोलचा डबा असतो, त्याला ठोकू नका, हलवू नका.

प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. बेल्टचे बोल्ट सीटच्या बोल्टसारखे दिसतात, आटे वेगळे असू शकतात. परत कसताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच कसणारा) वापरा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

शीट चिकटवायची पद्धत?

पत्रा डिटर्जंटने धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोलने पुसू नका, मागे तेलकट थर राहतो, शिवाय बंद गाडीत वाफ कोंडते. शीटचे तळहाताएवढे ते वहीएवढे तुकडे करा. मोठा तुकडा एकदम लावायला गेलात की मध्ये हवा अडकते. रोलरने इतकं दाबा की फॉइलवरची नक्षी पार चेपून जाईल. नक्षी उठून दिसते आहे तोवर शीट बसलेली नाही. साताऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये गाडी तासभर उन्हात ठेवली की हीट गनची गरज पडत नाही. डिसेंबरात लागेल, पाचगणीकडे तर नक्कीच.

हातमोजे घाला. फॉइलची कड ब्लेडसारखी लागते आणि जखम दुसऱ्या दिवशी ठणकते.

काय झाकायचं नाही: पाण्याची बूचं, टाकीच्या फ्लोटचं झाकण, ग्रॉमेट, सीट आणि बेल्टच्या बोल्टच्या जागा. सीटचा पाय पत्र्यावर थेट टेकला पाहिजे. मध्ये शीट किंवा फोम आला तर तो हळूहळू चेपतो आणि बोल्ट ढिला पडतो.

शीटवर फोम घालू का?

घातलात तर बंद पेशींचाच. नायट्रिल रबर किंवा क्रॉसलिंक पॉलिइथिलीनचा, ६ ते १० मिलिमीटर. तो पाणी पीत नाही आणि पायाला इंजिनची ऊब कमी लागते. गादीचा स्पंज, नमदा, ज्यूटचा फेल्ट हे आवाज छान शोषतात आणि पाणीही. पुण्यात फक्त डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला ते ठीक. ठोसेघरहून ओले बूट घेऊन आत बसणाऱ्यांच्या गाडीला नको.

टायरचा आवाज खरंच अडवायचा असेल तर फोमवर जड व्हिनाइलचा पडदा येतो, चौरस मीटरला सुमारे ५ किलोचा. तो फटी न ठेवता सलग अंथरला तरच उपयोग. पण एक अट माझ्याकडून: डॅम्पिंग शीटच्या वरचं काहीही चिकटवू नका. फोम, पडदा, मॅट हे सगळं पंधरा मिनिटांत बाहेर निघून कठड्यावर वाळत पडलं पाहिजे. सोल्युशन लावून फोम चिकटवणारे कारागीर काम देखणं करतात. तिसऱ्या पावसाळ्यात तो फोम उचकटून बघावा.

वरून काय टाकावं? कार्पेट, रबर, व्हिनाइल, बेडलायनर, चेकर प्लेट?

माझं मत रबर किंवा जाड व्हिनाइल. नाण्यांच्या नक्षीची रबर मॅट ३ मिलिमीटरच्या आसपास मिळते, चिखल झाडूने निघतो, पाय घसरत नाही.

कार्पेट शांत आणि घरगुती वाटतं, पण लाल माती त्यातून कधीच पूर्ण निघत नाही. शिवून दिलेल्या सेव्हन-डी मॅटच्या पोटात फोम असतो. त्या ओल्या झाल्या की जड होतात आणि कुजका वास धरतात. बेडलायनरचा, म्हणजे पिकअपच्या हौद्याला मारतात तो जाड खरबरीत, रंग गंजाला आणि ओरखड्यांना उत्तम, आवाजाला नावापुरता. ॲल्युमिनियमची चेकर प्लेट फोटोत भारी दिसते. प्रत्यक्षात ती स्वतः खडखडते, आणि ओल्या पोलादी पत्र्याला ॲल्युमिनियम टेकलं की दोन धातूंमध्ये झीज सुरू होते. मध्ये रबर नसेल तर लावूच नका.

मॅट कापायला अवघड जाते. गिअरपाशी नेहमी फाटते.

जुनी मॅट फेकायची नाही, तोच तुमचा साचा. ती नसेल तर खाकी कागद तळावर दाबून साचा करा. मॅट तासभर उन्हात पसरा, म्हणजे वळ्या जातात आणि ती कोपऱ्यात बसते. आधी गाडीत ठेवून गिअर आणि फोर-बाय-फोरच्या दांड्यापाशी फुलीसारखा छेद द्या, भोक पाडू नका. दांडे सगळ्या गिअरमध्ये फिरवून बघत थोडं-थोडं कापा. कडेला दोन बोटं जास्त ठेवा, शेवटी छाटा.

बसवून झाल्यावर दोन गोष्टी बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच पूर्ण खाली जातात आणि मोकळे परत येतात का? मॅटची कड पेडलखाली येत असेल तर कापा, नुसती दुमडू नका. आणि ट्रान्स्फर केसचा, म्हणजे फोर-बाय-फोरच्या गिअरबॉक्सचा, दांडा लो रेंजमध्ये शेवटपर्यंत बसतो का? जाड फोममुळे तो अर्ध्यात अडला तर चढावर, नेमकी गरज असते तेव्हा, गिअर सुटतो.

स्क्रू मारायचे असतील तर आधी गाडीखाली वाकून बघा की त्या जागी नळी किंवा वायरिंग नाही. कार्पेटमधून ड्रिल करू नका, धागे बिटाला गुंडाळून सगळं कापड उसवत नेतात.

गिअरबॉक्सच्या बोगद्यापाशी पाय भाजतो. शीटने कमी होईल?

ब्युटाइल उष्णता अडवत नाही. आधी सायलेन्सरच्या पाइपवरची मूळ पत्र्याची ढाल जागेवर आहे का बघा, जुन्या गाड्यांत ती गळून पडलेली असते. मग आतून बंद पेशींचा फोम. बाहेरून, पाइपच्या बाजूला, कुठलीही चिकट शीट लावू नका.

सांगलीच्या पुरात उभी राहिलेली गाडी घेतली आहे. तळाचं काय करू?

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यामुळे हा प्रश्न मिरज-कुपवाडकडून येतोच. कार्पेट, फोम, फेल्ट सगळं टाकून द्या. धुवून वाळवलं तरी वास परत येतो. पुराचा बारीक गाळ दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत आणि चासीला टेकणाऱ्या पत्र्याच्या खोक्यांत बसतो, ओल धरून ठेवतो आणि आतून गंजवतो. बूचं काढून स्वच्छ पाणी सोडा, गढूळ येणं थांबेपर्यंत. काही आठवडे उन्हात दारं उघडी टाकून वाळवा, मग पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं, फवारायचं मेण) मारा. सीटखालची कनेक्टरं एकेक उघडून हिरवा थर बघा. शीटचा विचार एक उन्हाळा गेल्यावर करा.

२०२० नंतरच्या थारला हे करावं का?

तिचा तळ धुता येण्यासारखा आहे, पाणी सोडायची बूचं आहेत. त्यावर कार्पेट टाकणं म्हणजे ती सोय स्वतःच्या हाताने घालवणं. मागच्या चाकांवरचे फुगवटे आणि दारं एवढंच केलं तरी पुरे. वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावू नका.

दारांत शीट मारावी?

हो, थोड्या खर्चात दिसणारा फरक तिथे आहे. बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध एक-दोन तुकडे पुरतात, दार लावल्याचा आवाज लगेच बदलतो. खालची पाण्याची छिद्रं मोकळी ठेवा आणि आतल्या पत्र्यावरचा प्लॅस्टिकचा कागद नीट परत चिकटवा. तो फाटला तर काचेवरून उतरलेलं पाणी थेट तुमच्या नव्या मॅटवर येईल.

आरटीओची अडचण?

मॅट आणि शीटने आरसीवरच्या नोंदीत काही बदलत नाही. पण मागच्या बाकड्यांच्या जागी पुढे तोंड करणाऱ्या सीट टाकायच्या, सीटची संख्या बदलायची, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. परवानगी घेतल्याशिवाय करू नका.

फरक पडला की नाही, कसं मोजू?

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा अचूक नसतो, पण आधी-नंतरच्या तुलनेला चालतो. रस्ता तोच, वेग तोच, काचा बंद, फोन त्याच जागी, टायरमध्ये हवा तेवढीच. ३ डेसिबल घट म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, पण कानाला ‘निम्मा’ वाटायला साधारण १० लागतात. नुसत्या तळाच्या शीटने १० ची अपेक्षा धरू नका. भणभण जाते, आवाज जाड होतो, आणि मागच्या सीटवरचा माणूस न ओरडता बोलू लागतो.

हे काम कधी काढावं?

फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात पत्रा कोरडा वाटतो पण नसतो. गंज नसेल तर शनिवार-रविवारात होतं. गंज निघाला तर आठवडा धरा आणि तोवर दुसऱ्या गाडीची सोय करा. प्रायमर वाळत असताना ‘जरा बाजारात जाऊन येतो’ म्हणत बादलीवर बसून गाडी चालवणारे महाभाग आहेत. ते करू नका.

गाडी विकताना हे सगळं काढून घेता येईल?

मॅट, फोम, पडदा येईल. ब्युटाइलची शीट राहू द्या. ती खरवडायला हीट गन, पट्टी आणि दोन दिवस लागतात, आणि निघालेला तुकडा पुन्हा चिकटत नाही. तळाचे उघड्या पत्र्याचे, प्रायमरचे आणि शीटचे फोटो मात्र जपून ठेवा. जुन्या जिप्सी-थारचं गिऱ्हाईक मॅट उचलून खाली बघतंच.